उघड्या घराची गुणवंती

शीव कोळीवाड्यातल्या गुणवंतीचं घर सरकारनं उघडलं, ते अठराशे सत्त्याण्णव सालच्या माघात. नवरा जगन गाठीच्या तापानं, प्लेगानं गेला. चिता विझते न विझते तोच शिपाई शिड्या घेऊन आले. ऊन आत शिरलं की रोग मरतो म्हणत त्यांनी छपरावरचं एकूण एक कौल उतरवून अंगणात रचलं, दारावर रोगाच्या खुणेचं लाल वर्तुळ काढलं, आणि हुकमाशिवाय कौल चढवायचं नाही असं बजावून गेले.

गुणवंती आणि तिची सासू सोनूबाई, दोघींनी होडीचं जुनं शीड वाशांवर ताणलं आणि त्याखाली चूल मांडली. त्या उन्हात रोग मेलाच असेल. माणसं कशी जगली, ते विचारायला मात्र कोणी आलं नाही.

पुढं परळच्या गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. मालकांना माणसं हवी झाली, तेव्हा रोग ओसरल्याचं ठरलं. ताडीची दुकानं उघडली, बाजार उघडला. गुणवंती बोंबलांची पाटी घेऊन परळला जाई आणि येताना दादरच्या प्लेगच्या कचेरीत डोकावे. तिथं रमाकांत नावाचा गिरगावातला कारकून बसे.

"दादा, शहर उघारला ना? मंग माजा घर बंद कवा करू?"

"बाई, वरून हुकूम यायचाय."

"वरून आता पाऊसच येल."

रमाकांत हसला. वैशाख सरत आला तरी त्याचं उत्तर तेच. गिरणीला कुलूप होतं तेव्हा ते उघडायला साहेबांच्या घोडागाड्या दिवसभर धावत होत्या. कोळणीच्या छपरासाठी कोणी खुर्चीवरून उठेना. कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती. एका पावसात सगळं घर खाडीला मिळालं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

शेवटी सोनूबाई म्हणाली, "गुणे, देवीला कौल लावू. ती हो बोलली तर कौलां वर चरव."

देवीला विचारल्याशिवाय या वाड्यातली नवी होडी पाण्यात जात नसे. पण गुणवंतीनं पदर खोचला.

"आये, देवीनं कवाच दिलाय कौल. एक मागला त ढीग दिलाय. तो बघ अंगनात!"

सोनूबाई हसली. जगन गेल्यापासून पहिल्यांदा हसली. आणि तिनंच पहिलं कौल उचलून सुनेच्या हातात दिलं. शेजारची मंजुळा आली, तिच्या मागून आणखी बाया आल्या. वाशांवरचं शीड उतरलं, आणि या हातातून त्या हातात कौलं वर चढू लागली.

छप्पर जवळजवळ शाकारून झालं, तेव्हा गस्तीचा शिपाई रघुवीर ओरडत आला. "ए बाई, खाली उतर! कोणाच्या हुकमानं चढलीस?"

"गिरनीचा भोंगा कोनाच्या हुकमानं वाजतंय? त्याला इचार जा!"

"कचेरीत कळवीन."

"कळव की! पन नीट सांग. उघारला तुमी, झाकला आमी."

रघुवीर शिडीकडे वळला. सोनूबाई शिडीच्या पायाशी विळी घेऊन बोंबील चिरत बसली होती. "वर जायचा काय रं? जा. माजे मांडीवर पाय देऊन जा."

बाया खिदळल्या. रघुवीर पागोटं सारखं करत उभा राहिला.

गुणवंतीनं शेवटचं कौल बसवलं. घरात माघापासून हरवलेली सावली उतरली. ती खाली आली, रघुवीरकडे न बघता सासूचा हात धरून आत गेली, आणि लाल वर्तुळाचं ते दार तिनं ओढून घेतलं.

शहर उघडं होतं. तिनं आतून कडी घातली.