करंजीच्या थांब्यावरचं एलिमिनेशन

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेला पाथर्डीहून नगरला निघाले आणि वाटेत माझंच एलिमिनेशन झालं!

सोबत मैत्रीण सुषमा. जीपच्या मधल्या सीटवर आम्ही चौघं: डाव्या दाराशी एक आजी, मग सुषमा, मग एक धिप्पाड पाहुणे आणि उजव्या दाराशी मी. सुषमाच्या डोक्यात ई-टू, म्हणजे एका झटक्यात होणारी एलिमिनेशनची अभिक्रिया, काही केल्या शिरेना. तोंडी बुडाली की वर्ष बुडणार, दोघींचंही. पण घाम फक्त तिला फुटलेला. मला सगळं येत होतं ना!

"अगं, लई सोपं हाय," मी म्हणाले. "ही सीट म्हंजी रेणू. तू आन् हे पाहुणे मधले कार्बन, आजी हायड्रोजन. बेस येतो, एका बाजूनं हायड्रोजनला ओढतो. त्याच दमात उलट्या बाजूनं लीव्हिंग ग्रुप, म्हंजी सोडून जानारा गट, बाहेर! उरलेले दोघं आनखी जवळ येत्यात. झाला डबल बॉण्ड!"

"एकाच दमात? कायतरीच!"

करंजीला जीप थांबली. आजींचा जावई खाली उभाच होता. त्यानं हात धरून आजींना बाहेर ओढलं. एवढं आयतं उदाहरण कोण सोडेल?

"हा बघ बेस! आन् ही मी, लीव्हिंग ग्रुप!" म्हणत मी टुणकन उजव्या दारातून खाली.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. दोन उतरले. पाहुण्यांनी दार ओढून घेतलं आणि जीप निघाली की हो!

"ओ दादा! थांबा की! पर्स आत हाय माझी!"

मोबाईलही त्याच पर्समध्ये. मी चपला हातात घेऊन धावतेय आणि सुषमा मागे वळून हात हलवतेय! नंतर म्हणते कशी, "मला वाटलं, तुजं शिकवनं अजून चालूच हाय."

शेवटी कांद्याच्या टेम्पोनं नगर गाठलं. परीक्षेच्या खोलीशी पोचले, तर आत सुषमाची तोंडी रंगात आलेली.

परीक्षकांनी विचारलं, "चांगला लीव्हिंग ग्रुप कोणता?"

"सर, जो बाहेर पडला की एकटा निवांत राहतो. परत यायला धडपडत नाही."

"आणि वाईट?"

नेमकी तेव्हाच मी धापा टाकत, केसांत कांद्याची सालं घेऊन आत शिरले.

सुषमानं शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काय सर, आलाच."