पोत्याची शिवण

आई आणि मी एकाच कारखान्याच्या एकाच फाटकातून आत जायचो. आत गेल्यावर ती डावीकडे वळायची, मी उजवीकडे. डावीकडे पत्र्याचं लांब शेड होतं, तिथं बाया हळद निवडायच्या. उजवीकडे काचेच्या दाराची ऑफिसची खोली, तिथं माझा संगणक. संध्याकाळी पुन्हा त्याच फाटकाशी भेटायचो, तेव्हा आई पायाच्या नखापासून डोक्याच्या केसापर्यंत पिवळी झालेली असायची आणि माझ्या फक्त बोटांच्या टोकांना रंग लागलेला असायचा. जीपमध्ये शेजारी बसलो की ती माझी बोटं हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, एवढ्याशा कामाचा एवढा पगार देतात का गं. मग स्वतःच हसायची.

कारखाना कनेरगाव नाक्याजवळ, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून. हंगामात आसपासच्या गावांतून उकडून वाळवलेली हळद येते. ती ड्रममध्ये फिरवून झिलईदार करायची, निवडायची, लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, मोडका चुरा वेगळा, आणि पोत्यांत भरून लॉरीने दूरच्या मसाला कंपन्यांना पाठवायची. आई तिथं माझ्या दहावीपासून काम करत होती. हिंगोलीच्या कॉलेजातून मी बी. कॉम. झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. दुसऱ्याच दिवशी आई मालकांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, पोरगी पंधरावी शिकली, तिला बसून करायचं काम द्या. मालकांनी दिलं. या दोघांचे उपकार मी आजही विसरलेले नाही.

माझ्या वाट्याला आलं ते काम तेव्हा कारखान्यात कुणालाच येत नव्हतं. तोवर तिथं तीन वह्या चालायच्या. एक आवकेची, एक गोदामाची, एक जावकेची. तिन्ही वह्यांचं एकमेकींशी कधी पटायचं नाही. दक्षिणेतल्या एका मसाला कंपनीनं मालकांना कळवलं की यापुढं आम्हाला पोतं कुठल्या गावच्या मालाचं, कधी आलं, कुठल्या लॉटमधून, म्हणजे कुठल्या खेपेच्या मालातून, निवडलं, हे सगळं पोत्यावरच्या नंबरावरून कळलं पाहिजे. म्हणून मालकांनी ईआरपी घेतली. शेतकऱ्याची गाडी काट्यावर चढल्यापासून लॉरी फाटकाबाहेर पडेपर्यंतची प्रत्येक पायरी एकाच ठिकाणी नोंदवायची, हे तिचं काम. सगळे तिला नुसतं सिस्टिम म्हणायचे. नांदेडहून एक सर यायचे, त्यांनी मला तीन आठवडे शिकवलं. मी घरी येऊन वहीत सगळं पुन्हा लिहून काढायची, शाळेत करायची तसं.

सरांनी सांगितलं की प्रत्येक लॉटला नंबर द्यायचा, त्या नंबराचे स्टिकर छापायचे आणि निवडून भरलेल्या प्रत्येक पोत्यावर एक चिकटवायचा. स्टिकरवर लॉट नंबर, पोत्याचा नंबर आणि गावाचं नाव. गावाचं नाव मराठीत छापता येतं हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. पहिला स्टिकर निघाला तो मी शेडमध्ये नेऊन बायांना दाखवला. त्यांनी हातोहात फिरवला. आईच्या जोडीला बसणारी मावशी म्हणाली, "आता पोत्याइलाबी आधार कार्ड आलं. आमच्यापेक्षा तेच बरे." सगळ्या हसल्या. आईनं हात पदराला पुसला आणि मग स्टिकर घेतला.

इथं आईबद्दल एक सांगायला हवं. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण लिहिलेला कागद जमिनीवर पडलेला तिला बघवत नाही. बाजारातून पुडीला आलेलं वर्तमानपत्रसुद्धा ती घडी घालून फळीवर ठेवते. लहानपणी माझा पाय पुस्तकाला लागला तर पुस्तकाला कपाळ टेकवायला लावायची. म्हणायची, आपल्या माणसांना अक्षर लई उशिरा भेटलं, त्याला पायाखाली घेऊ नको. माझ्या पुस्तकांना कव्हर तीच घालायची, डिंक कुठला आणायचा, भाताची शितं बोटानं चुरडून कागदाला लावायची. त्या कव्हरांखाली वाळलेलं शीत टोचायचं, अजून आठवतं.

सिस्टिममधून जायच्या पहिल्या लॉरीची तयारी झाली. दोनशे चाळीस पोती, सहा लॉट, एकेका लॉटची चाळीस. बारा बायांच्या सहा जोड्या होत्या आणि एकेका जोडीकडे एकेक लॉट. आठवडाभर निवडणं, भरणं, तोंड शिवणं चाललं. शेवटच्या दिवशी मी हातातलं मशीन घेऊन गोदामात प्रत्येक पोत्याचा स्टिकर वाचून घेतला. दोनशे चाळीस पोती, दोनशे चाळीस स्टिकर, एकही कमी नाही, एकही दुबार नाही. सिस्टिमनं हिरवी खूण दाखवली. नांदेडच्या सरांना मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले की पहिल्याच खेपेला इतकं बरोबर त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं.

मंगळवारी कंपनीचा तपासनीस आला. त्यानं आपल्या मनानं पाच पोती बाजूला काढायला लावली, तोंडं उसवली आणि प्रत्येक लॉटच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी माल लावून पाहिला. दोन पोती जुळेनात. स्टिकर जाड, गर्द कांडीच्या लॉटचा आणि आत बारीक, फिकट माल. माल वाईट नव्हता, पण तो नव्हता. तपासनीस आवाज न चढवता बोलला. गुरुवारी परत येतो, तोवर प्रत्येक पोतं कुठल्या लॉटचं आहे हे दाखवता आलं तर लॉरी भरा, नाही तर ही खेप रद्द.

तो गेल्यावर मालक माझ्या टेबलापाशी आले. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. मग चूक कुठं झाली असेल, एवढंच त्यांनी विचारलं. मी नोंदी पुन्हा वरून खाली पाहिल्या. नोंदी ठीक, मोजणी ठीक, म्हणजे भरताना लॉट मिसळले. म्हणजे निवडणाऱ्या बायांनी. माझी सिस्टिमच तसं म्हणत होती आणि ती सिस्टिम मी भरली होती. मालक शेडकडे बघत म्हणाले की रंग बघून निवडणारं मशीन मिळतं, ते विकणारा माणूस कधीपासून मागं लागला आहे. मिसळामिसळ होणार असेल तर पुढच्या महिन्यापासून बाया बंद करून तेच घेऊ. ते चिडले नव्हते, हिशेबी बोलत होते, आणि म्हणूनच मला भीती वाटली. बारा घरांचं काम गुरुवारवर येऊन ठेपलं होतं आणि त्यात एक घर माझं होतं.

शेडमध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. मी आत गेले तर सूप पाखडायचा आवाज थांबला. मावशी म्हणाली, "आली काम्प्युटरची मालकीण. काय म्हणतो तुझा काम्प्युटर, आमी आंधळ्या हाव का?" आई खाली मान घालून निवडत राहिली. मी मागे वळले. तशीच गोदामात गेले.

एकेक पोतं बघत फिरले. थप्प्यांत पोत्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. तिसऱ्या थप्पीजवळ एका स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला. दाबायला बोट लावलं तर खाली काहीतरी टोचलं. स्टिकर उचलून पाहिला. त्याच्या मागचा मूळचा चिकटपणा हळदीच्या धुळीनं पार गेला होता आणि मधोमध भाताचं वाळलेलं शीत होतं.

मी तिथंच खाली बसले. त्या कारखान्यात भातानं कागद चिकटवणारं माणूस एकच होतं. आणि भात माझ्या डब्यातला होता. आईच्या डब्यात भाकरी असायची, माझ्या डब्यात भात असायचा, आणि मी रोज थोडा टाकायची म्हणून ती रागावून तो आपल्याकडे घ्यायची.

आईला बाहेर बोलावलं. स्टिकर दाखवला. तिनं लगेच ओळखला.

"व्हय, मीच लावला. ते धड चिकटून राहत न्हाईत, बाई. हमालांनी पोतं उचललं की पडून राहिले. समदे त्याच्यावरून जाऊन राहिले होते. तुझं लिहिलेलं."

"मग कुठल्या पोत्याला लावलास?"

"ज्याला नव्हता त्याला. उघडं पोतं दिसलं की लावायची."

असे किती, विचारलं तर तिला सांगता येईना. पन्नासेक असतील, म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं म्हणाली की कमी भरले असते तर मालकांनी तुला बोल लावला असता.

म्हणजे ती हिरवी खूण आईनं मिळवून दिली होती. मोजणी जुळली होती ती आईमुळे आणि माल चुकला होता तोही आईमुळेच. मला रागवायचं होतं, पण कुणावर? ताग आणि हळदीची धूळ यांच्यावर साधा स्टिकर टिकणार नाही, हे शेडमधल्या कुठल्याही बाईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. मी त्यांना स्टिकर फक्त दाखवला होता.

मी आईला सगळं समजावून सांगितलं, तपासनीस काय म्हणाला, मालक मशीनबद्दल काय म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मालकाला मीच सांगते, म्हणाली. मी म्हणाले, सांगून काय उपयोग, आता कुठलं पोतं कुठल्या लॉटचं ते देवालाही कळायचं नाही.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाढा चुकल्यावर बघायची. खरं म्हणजे तिला पाढे येत नव्हते, पण माझा चेहरा बघून तिला चूक कळायची.

"काहून कळायचं न्हाई? पोत्याच्या तोंडावर दिसून राहिलंच की. ही शिवण मावशीची. ती डावरी हाय, तिचा टाका उलटा पडतो. हे माझं, चौथ्या टाक्याला गाठ. ते वरचं त्या तांड्यावरच्या वहिनीचं, ती पोत्याचे कान दोनदा आवळती."

मी थप्पीकडे पाहिलं. तोवर मला सगळी पोती सारखीच दिसत होती. आता बघितलं तर खरंच एकाही जोडीची शिवण दुसरीसारखी नव्हती. आणि एका जोडीकडे एकच लॉट. शिवण कळली की जोडी कळते, जोडी कळली की लॉट कळतो. कुणाला कुठला लॉट दिला ही नोंद माझ्या सिस्टिममध्ये होती. शिवण तेवढी नव्हती.

मालकांना आईनंच सांगितलं. मी शेजारी उभी राहून, स्टिकर कसला वापरायचा हे ठरवताना मी कुणाला विचारलं नाही, ती चूक माझी, एवढं म्हणाले. मालकांनी तो स्टिकर उलटसुलट करून पाहिला. मग उठले आणि म्हणाले, दाखवा. गोदामात त्यांनी स्वतः सहा पोत्यांवर हात ठेवला. आई स्टिकरकडे न बघता शिवण बघून कुणाचं पोतं ते सांगायची, मी यादीतून लॉट सांगायची, मालक पोतं उसवून नमुना लावून बघायचे. सहाच्या सहा जुळली. शेवटच्या पोत्याला ते उसवल्यावर हसले. म्हणाले, उसवलेली आता शिवणार कोण?

बुधवारी शेड बंद ठेवलं. बाराही बाया गोदामात आल्या. हमाल थप्पी उतरवायचे, जिची शिवण तिनं हात वर करायचा आणि मी नवीन नंबर लिहायचा. मावशीचा राग एव्हाना उतरला होता. एक पोतं दिसलं की ती म्हणायची, "हे बघ माझं लेकरू," आणि त्याला थोपटायची. एका पोत्यावर दोघींनी हात वर केला, तेव्हा आईनं टाके मोजून निवाडा दिला. बावन्न पोत्यांवर चुकीचा स्टिकर निघाला. बावन्नही स्टिकर मी काढून पाकिटात ठेवले. फेकले असते तर आईला आवडलं नसतं.

गुरुवारी तपासनीसानं सात पोती उघडली. नंतर तो शिवणी बघत थप्पीभोवती फिरला, मावशीला दोन प्रश्न विचारले, आणि सही केली. लॉरी दुपारी निघाली. मालक माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या सिस्टिमात शिवणीचा रकाना कुठं आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग घाला. मशीनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कधी तरी मशीन येईलही, मला ते माहीत आहे, आईलाही माहीत आहे. पण त्या वर्षी आलं नाही, आणि आलं नाही याचं कारण बायांचा दोष निघाला नाही हे.

नांदेडच्या सरांनी रकाना घालून दिला. स्टिकर बंद झाले. आता जाड कापडी पट्टी छापतो आणि ती पोत्याचं तोंड शिवतानाच टाक्यात अडकवून शिवली जाते, म्हणजे जिची शिवण तिच्याच हातचा नंबर, पडायची भीती नाही. पहिल्या दिवशी आईनं पट्टी हातात घेऊन विचारलं, याची वरची बाजू कुठली? अक्षर उलटं लटकायला नको. म्हणून मी प्रत्येक पट्टीचा वरचा उजवा कोपरा कात्रीनं तिरका कापून द्यायला लागले. कापलेला कोपरा वर, उजव्या हाताला. बाराही बायांना ते लगेच जमलं.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी आई एक पट्टी घेऊन काचेच्या दारापाशी आली. ऑफिसात ती सहसा येत नाही, पिवळी पावलं उमटतात म्हणून उंबऱ्यावरच थांबते. पट्टी पुढं करून म्हणाली, कोपरा चुकला.

मी पाहिलं. घाईत मी खालचा डावा कोपरा कापला होता. पण पट्टी फिरवून कापलेला कोपरा वर, उजव्या हाताला धरला की वाचता न येणाऱ्याला चूक कळायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं, तुला कसं कळलं?

तिनं पट्टीवरच्या गावाच्या नावावर, त्याच्या पहिल्या अक्षरावर, पिवळं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ की, याचं डोकं खाली झालंय."