शिनेमाची उलंगवाडी

घाटंजीच्या बाजारगल्लीत माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्याला लागून भाईंचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. कापसाच्या पडलेल्या भावाने सगळ्या तालुक्याचं हसू पळवलं होतं, तेव्हाची गोष्ट. भाईंनी भंगारातून एक प्रोजेक्टर आणला, त्यासोबत डब्यात एक रीळ निघालं आणि माझं शिलाईवरचं लक्षच उडालं!

भिंतीवर लावून पाहिलं. आवाज नाही, नुसतं चित्र. एका जाड्या माणसाची टोपी वाऱ्याने उडते, तो तिच्यामागे आणि बदकं त्याच्यामागे. एवढासा खेळ, पण मी पोट धरून हसले.

"भाई, बाजाराच्या दिवशी सगळ्यांना दाखवू. पडदा मी शिवते!"

भाईंनी प्रोजेक्टरची वायर काढली. मागे एकदा नकली कॅसेट लावली म्हणून पोलिसांनी त्यांचा व्हीसीआर भर बाजारातून उचलून नेला होता.

"मालकाले इचारल्याबिगर मशीन लावणार नाई, ताई. पुन्हा उचलून नेली त तोंड कोठं दाखवू?"

आता मालक कुठून आणायचा? सिनेमाच्या सुरुवातीला नावाची पाटी येते, तिच्यावर साल होतं, माझ्या आजीच्याही जन्माआधीचं. एसटीने यवतमाळ गाठलं, ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, सिनेमा प्रदर्शित होऊन साठ वर्षं उलटली की मालकाचा हक्क संपतो, मग कोणीही दाखवावा. परतीच्या एसटीत माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि भाई काय म्हणाले? "मालकच नाई? मंग त बेवारशी झाला. बेवारशी मालाले आमी हात नाई लावत."

अस्सा राग आला! कायदा समजावून माझा घसा बसला. दारात तूर निवडत बसलेल्या त्यांच्या अम्मींनी शेवटी सूप खाली ठेवलं.

"बेवारशी कायले म्हनतं? उलंगवाडी झाली त्याची."

आमच्याकडे कापसाचा शेवटचा वेचा झाला की उलंगवाडी होते. वावर मोकळं. कोणाचीही ढोरं चरोत, उरलंसुरलं बोंड कोणीही वेचो, मालक हाकलत नाही.

"मालकानं साठ वर्सं वेचलं," अम्मी म्हणाल्या. "आता समद्याचं."

भाई उठले आणि प्रोजेक्टर पुसायला लागले.

बाजाराच्या दिवशी, अंधार पडता पडता मांजरपाटाचा पडदा बांधला. बदकं आली आणि भाजीवाल्या, हमाल, म्हातारेकोतारे असे हसले की मला रडू आलं, आनंदाने. तेवढ्यात मागून व्हीसीआर नेणारे तेच पोलीस जमादार आले. भाईंचा हात बटणावर गेला.

"कोनाचा शिनेमा हाये हा?"

भाईंनी बटणावरचा हात काढला.

"तुमचा बी हाये, सायेब. बसा."

जमादार पोत्यावर बसले आणि टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.