माझा चौथा नियम आणि निमगाव केतकीची उतरण

इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेऊन बारामती-इंदापूरकडे जायचा विचार असेल, तर ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर इतर ब्लॉग पुष्कळ आहेत. माझा या सहलीवरचा राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्माअधिक माझ्यावरच आहे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी मोटरवाली सायकल घेतली. पायडल मारलं की मोटर मदत करते, ताशी पंचवीसच्या पुढे गेलं की आपोआप हात आखडता घेते. चढ चढताना आपण अजून तिशीत आहोत असं वाटायला लागतं, आणि धोका तिथेच सुरू होतो. मग शिरीषच्या सायकल ग्रुपमध्ये गेले. शिरीष माझा जुना सहकारी. माणूस हौशी, खर्चिक, आणि छातीवर कॅमेरा बांधल्याशिवाय दुकानातसुद्धा न जाणारा. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे ग्रुपसाठी शिष्टाचाराचे दहा नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदानं केलं. नियम चौथा असा: ‘पायवाटेवर पुढे माणसं किंवा जनावरं असतील तर आपली सायकल त्यांना ऐकू येत नाही हे लक्षात ठेवा. दुरूनच घंटी वाजवायला लागा आणि पूर्ण पुढे जाईपर्यंत वाजवत राहा.’ लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. पुण्यात गॅलरीत बसून लिहिलेला नियम. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी सायकली गाडीच्या मागच्या रॅकवर बांधून आम्ही दोघं निघालो. सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती. रस्ता चांगला आहे, पण कारखान्यांचा हंगाम चालू असताना अंधार पडायच्या आत पोचा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. एसटी स्टँडपासून जवळच लॉज घेतलं. बॅटऱ्या काढून खोलीत न्यायला लागलो तर मॅनेजरनं जिन्यातच अडवलं.

“ह्ये काय हाय? फुटंल-बिटंल न्हाय ना?”

शिरीषनं त्याला बॅटरीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मॅनेजरनं ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, “मंग हितं काउंटरपाशी लावा. माझ्या डोळ्याम्होरं.” त्याचं बरोबर होतं. जाग असेपर्यंतच चार्ज करावं, चार-पाच तास लागतात, आणि चार्जर आपलाच वापरावा.

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन कन्हेरीकडे गेलो. गावाबाहेरच्या मातीच्या वाटा नवशिक्यांना उत्तम आहेत. चढ बेताचे, बाभळीचे काटे मात्र बेताचे नाहीत. टायरमध्ये काटेरोधक द्रव भरून न्या. सकाळी चालायला येणारी माणसं भेटली. मी नियमानुसार दुरून घंटी वाजवली, माणसं बाजूला झाली, मी “आभारी आहे” म्हटलं, त्यांनी हात वर केला. माझी घंटी पितळेची, खणखणीत, मुद्दाम शोधून घेतलेली. एका बांधावर बसलेल्या आजोबांनी आम्हाला थांबवून सायकलभोवती एक चक्कर मारली.

“मोटार हाय तर पायडल कशापायी मारताय?”

“व्यायाम होतो आजोबा.”

“आन् व्यायाम करायचाय तर मोटार कशाला?”

आम्ही खूप हसलो. दुपारी एका खाणावळीत बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आजवरची सर्वांत छान सहल, असं मी बहिणीला कळवूनही टाकलं. घाई नडते ती अशी.

रविवारी गाडीनं निमगाव केतकी गाठलं. बारामतीहून पाऊण-एक तास. गावात चहा घेतला, गाडी एका पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी लावली आणि पाणंदीनं माळाकडे वळलो. तो माळ मला फार आवडला, हे कबूल करायला हवं. गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनच खुरटी बोर, चंडोलांचा आवाज आणि नजर जाईल तिथपर्यंत एकही इमारत नाही. वनखात्याच्या हद्दीत विनापरवाना शिरू नका. आम्ही गावच्या वाटेवरच होतो. ती वाट माळाच्या माथ्यावरून उतरत एका पाझर तलावाकडे जाते. खडी सुटी आहे. या सायकली तेवीस-चोवीस किलोच्या असतात, उतारावर ब्रेक आधीच हलके धरायला हवेत, नाहीतर सायकल आपल्याला घेऊन जाते.

साडेदहा-अकराच्या सुमाराला त्या उतरणीवर पुढे मेंढरं दिसली. तीस-पस्तीस असतील. सर्वांत पुढे एक काळी शेळी, गळ्यात घंटी, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली, हातात काठी असलेली एक बाई. कळप पाण्यावर चालला होता. मी शिरीषला हात करून वेग कमी करायला सांगितलं आणि चौथा नियम लागू केला. शंभर पावलांवरून घंटी वाजवायला सुरुवात केली.

बाईनं मागे वळून पाहिलं आणि काठी उंच धरून हलवली. मला वाटलं, ‘या, जा’ म्हणतेय. मी हसून मान हलवली आणि कळपाच्या कडेनं, घंटी वाजवत, सावकाश पुढे निघाले. निम्मा कळप ओलांडला असेल तेवढ्यात मेंढ्यांनी माना वर केल्या आणि त्या पळायला लागल्या. लांब नव्हे, माझ्याकडे. मला वाटलं बिचकल्या. आपण लवकर पुढे निघून गेलं तर शांत होतील, म्हणून मोटरची मदत वाढवली. मी जितकी जोरात, तितक्या त्या जोरात. अंगठा घंटीवरच. शेळीला मागे टाकून अख्खा कळप धुळीचा लोट उठवत माझ्या मागे उतरणीवरून धावत होता.

तलावाच्या काठाशी मी ब्रेक दाबले. मी थांबले, त्या थांबल्या. तीस-पस्तीस मेंढ्या धापा टाकत माझ्याभोवती उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हा वरून कॅरियर आपटल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ शेळीचं ओरडणं.

झालं ते असं. कळप सोडून गेल्यावर शेळी गोंधळून वाटेत आडवी उभी राहिली. शिरीषला धुळीत पुढचं काही दिसत नव्हतं, पण चित्रीकरण मस्त होतंय असं वाटून तो न थांबता खाली आला. त्याची सायकल थेट तिच्या अंगावर गेली. मी वर पाहिलं तर तो कोपर धरून बसला होता आणि शेळी पुढच्या डाव्या पायावर उभी राहायला बघत होती. पाय गुडघ्याखाली लोंबत होता.

बाई शेळीपाशी थांबली नाही. ती तिला ओलांडून माझ्याकडे पळत आली.

“वाजवू नगं! हात काढ तिच्यावरनं, हात काढ!”

माझा अंगठा अजून घंटीवर होता. नकळत मी ती वाजवतच होते. मी हात काढला. बाईनं तोंडानं ‘हुर्र हुर्र’ करत कळप दोन पावलं मागे घेतला, चार-पाच मेंढ्यांच्या पोटावरून हात फिरवला. त्या गाभण होत्या, आणि ती त्यांच्यासाठी धावली होती. मग ती शेळीकडे वळली.

बाईचं नाव शेवंताबाई. साठीच्या पुढची. पूर्वी घरात दोनशे मेंढरं होती, आता एवढीच उरलीत, मुलगा बारामतीत एका कंपनीत आहे. हे तिनं नाही सांगितलं. आवाज ऐकून शेजारच्या डाळिंबाच्या बागेतून एक शेतकरी आले, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी सांगितलं. आबांनीच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर यायला दीड तास लागला. तोवर शेवंताबाई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेळीचं नाव चंद्री.

शिरीषनं सायकलचा गिअर तपासला, मग कॅमेरा तपासला, मग आबांना हळूच म्हणाला, “शेळीच आहे ना? दुसरी घेऊन देतो आम्ही.”

शेवंताबाईनं ते ऐकलं.

“दुसरी आणशीला. तिला ही वाट कोण शिकिवणार? चार वरसं म्या हिला पुढं घालून चालीवलीया. मेंढरू हिच्या घंटीमागं येतं, माज्या मागं न्हाय येत.”

मी म्हटलं, “मावशी, मी तर सावध करायला घंटी वाजवली.”

माझ्या तोंडून हे वाक्य गेलं त्याची मला अजून लाज वाटते.

आबा माझ्याकडे वळले. “ताई, तुमी वाजिवली म्हणूनच गेली ती. त्यास्नी वाटलं चंद्रीच पळाली. हितं मेंढरं दिसली की गाडी बंद करायची. ट्रॅक्टरवाला बी करतो, एसटी बी थांबती. हॉर्न न्हाय, घंटी न्हाय. म्हातारी काठी वर करती म्हंजी थांबा. मंग ती हाळी देती, मेंढरं एका अंगाला घेती, तवा जायाचं. लहान पोराला बी ठावं हाय.”

त्या माळावर न लिहिलेला नियम होता आणि तो लिहिलेल्या माझ्या नियमाच्या बरोबर उलटा होता. मला तो कुणाला विचारावा असं सुचलंसुद्धा नव्हतं. सकाळी चहाच्या टपरीवर विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

डॉक्टरांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. जगेल म्हणाले. रोज माळावर चालेल का विचारल्यावर नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांचे आणि औषधाचे पैसे आम्ही दिले, ते शेवंताबाईनं देऊ दिले. तेवढ्यानं आमचं समाधान व्हावं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. चंद्रीला आबांच्या बैलगाडीत घालून घरी नेलं. उरलेला कळप पाणी प्यायल्यावर तलावापाशीच उभा राहिला. शेवंताबाई पुढे चालली तर मेंढ्या जागच्या हलेनात, मागून हाकलल्या तर चार दिशांना जात. शेवटी आबा, त्यांची सून आणि मी असे तिघं आडवे हात करून त्यांना घरापर्यंत घेऊन गेलो. अर्ध्या तासाची वाट, तीन तास लागले. शिरीष सायकली घेऊन गावात जाऊन थांबला होता.

परतीला भिगवणपाशी हायवेला लागलो. तेव्हा शिरीष म्हणाला, “अपघात होतात गं. तू उगाच मनाला लावून घेतेस.” त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर पहिली गोष्ट, मी चौथा नियम खोडून नवा लिहिला: ‘जनावरं दिसली की उतरा, मोटर बंद करा, घंटीला हात लावू नका, राखणारा सांगेल तेव्हा सायकल हातात धरून जा. जाण्याआधी गावात विचारा.’ ग्रुपवर एकानं लिहिलं, “एवढं थांबायचं तर चालतच जावं की.” दुसरी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली. शिरीषनं तो सगळा मार्ग सायकलवाल्यांच्या ॲपवर टाकला होता. नाव दिलं होतं ‘मेंढी उतरण’, आणि सोबत कळप माझ्यामागे धावतानाची चित्रफीत, धडकेच्या आधी कापलेली. मी त्याला काढून टाक म्हणून तीनदा सांगितलं. वाट सार्वजनिक आहे, म्हणाला. माझी त्याच्याशी मैत्री तिथे संपली. तेरा वर्षांची होती.

दर रविवारी तिथे दहा-पंधराजण जायला लागले. मी आबांचा नंबर घेऊन ठेवला होता. मार्चमध्ये धीर करून फोन केला, त्यांनी तो शेवंताबाईकडे नेऊन दिला. चंद्री जिवंत होती, दारात बांधलेली. एक मेंढी मात्र अपघाताच्याच आठवड्यात गाभडली होती, पोटातलं पिल्लू गेलं होतं.

मी विचारलं, “मावशी, आता पाण्यावर कशा नेता?”

“नेती तशीच, हाकलून हाकलून. शेळीची एक तरणी पाट धरलीया, तिला शिकिवती. पर ऐतवारी न्हाय सोडत. ऐतवारी तुमची मान्सं येत्यात नव्हं? वाड्यातच कोंडून ठिवती. हंड्यानं पाणी घालती.”

“मी सांगते त्यांना, मावशी. मी लिहिते.”

“लिवा की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, कारण त्या दिवशी मेंढ्यांमागे चालताना मी लंगडत होते. आणि फोन आबांकडे दिला.

म्हणून हे लिहिलं. जायचंच असेल तर रविवार सोडून जा, आणि आधी गावात विचारा. याहून जास्त मला काही करता आलेलं नाही, आणि हे पुरेसं नाही हे मला कळतं.

काल ते ॲप उघडून पाहिलं. त्या उतरणीला लोकांनी पाचपैकी पाच तारे दिलेत. सर्वांत वरचा अभिप्राय गेल्या रविवारचा आहे: “एक नंबर ट्रेल. पूर्ण मोकळा. वाटेत एकही जनावर आडवं आलं नाही.”