नळीची झोळी

आमचे हे गेले तेव्हा मी खाली नळावर होते. शेजारीण उतरून आली, कळशी माझ्या हातातून घेतली. मी समजले… त्याला आता महिना होत आला.

हे लालबागच्या एका कारखान्यात लोखंडाचे साचे घासायचे, कानशीनं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात धावपळ झाली, हे पडले, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर आला नाही. कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. काम गेलं असतं तर खोलीपण गेली असती. त्यात शेठनं हवेवर फिरणारं ग्राइंडर, हातात धरून घासायचं मशीन, घ्यायचं काढलं. आता कानस बंद, जो ते मशीन चालवील तो राहील. आणि निवडायला यांनाच पाठवलं. दुकानात दोन होती. एक जाडजूड, जोराचं. दुसरं बारीक, हलकं. हे एकेक हातात धरून बघत राहिले. बरोबरचा गडी म्हणाला, "काय रे, मुलगी बघायला आलायस?" यांनी हलकं घेतलं. पण नळी न लावताच तोललं ना… कारखान्यात हवेची रबरी नळी जोडली तशी ती खाली ओढायला लागली, मनगट थरथरलं. शेठनं बघितलं. म्हणाला, उद्या जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस लावतो.

घरी येऊन जेवले नाहीत. आमची लहानगी लुगड्याच्या झोळीत निजलेली, वर वाशाला टांगलेली. मी झोका देत होते. "हात गेला गो माझा," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "हिचा भार माझ्या हातावर हाय काय? वाशावर हाय. तुमच्या नळीला पण बांधा झोळी." मी जुनं लुगडं फाडून पट्टा दिला. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याच्या झोळीत नळी वरून टांगली, हातात नुसतं मशीन राहिलं. बरोबरचे विचारायचे, झोळीत मुलगा की मुलगी? हे हसायचे म्हणे. म्हातारे होईस्तोवर तिथंच राहिले.

हात मात्र सुधारला नाही. चहापण डाव्या हातानं. म्हणून कपाचा कान मी डावीकडं करून ठेवायची. सून आली, तीपण तसंच शिकली. परवा तिनं माझ्यापुढं चहा ठेवला, कान डावीकडं. लक्षात आलं तसा फिरवायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे… डाव्या हातानं उचलला.