दादाचा नवस, माझे पाय

आमचं घर ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत, आणि ते पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या नावाने पाणी सोडण्यावर चाललेलं. नाशिककडचा एखादा यजमान काशीला येऊ शकला नाही, तर बाबा फोनवर त्याचं नाव-गोत्र विचारून घेतात, त्याच्याऐवजी कुणाला तरी समोर बसवतात आणि त्या माणसाच्या तळहातावर पळीभर पाणी घालून संकल्प सोडतात. पुण्य यजमानाला पोचतं. त्यामुळे दादाचा नवस मी चालून फेडायचा, यात घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नवस बोलले होते बाबा. दादाला कॅनडात कायमचं राहायची परवानगी मिळाली, तर तो विंध्याचलची त्रिकोण यात्रा अनवाणी करेल. देवीच्या मोठ्या देवळातून निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी कालीखोहच्या गुहेतल्या कालीचं दर्शन घ्यायचं, पायऱ्या चढून माथ्यावरून अष्टभुजेला जायचं आणि खाली उतरून पुन्हा पहिल्या देवळात यायचं. फेरा तिथं मिटला की नवस फिटला. दादाला परवानगी मिळाली, पण रजा मिळाली नाही. फोनवर म्हणाला, तू करून टाक ना, तू तर तिथंच आहेस. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची लहानपणापासूनची सवय.

मी हो म्हटलं, कारण मलाही काही हवं होतं. मी एका कॉलेजात कंत्राटावर संस्कृत शिकवते. उन्हाळा आला की घरी बसवतात, वर्ग सुरू झाले की परत बोलावतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पक्की जागा निघाली होती आणि येत्या सोमवारी मुलाखत होती. विंध्याचलला निघालो तेव्हा, रामनगरचा पूल ओलांडताना, गाडीत मी बाबांना म्हटलं, शेवटी दादाचं झालं की एक संकल्प माझ्याही नावाने करा. जगभरच्या यजमानांची नावं मी त्यांच्या तोंडून ऐकली होती, माझं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून ते गाडीनेच देवळादेवळाशी जाऊन थांबत होते. मी चालत होते. कालीखोहपर्यंत काही वाटलं नाही. वरच्या पायऱ्यांवर मात्र ऊन आलं आणि दगड तव्यासारखे तापले. माथ्यावर सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी, चिप्सची पाकिटं, हातातली पिशवी ओढायला टपलेली माकडं. डोक्यावरून रोपवेचे डबे चाललेले. एक बाई नवऱ्याला म्हणाली, देखो, कितनी श्रद्धा है. श्रद्धा कसली, पायाला फोड आले होते आणि मी मनातल्या मनात मुलाखतीची उत्तरं घोकत होते. खाली डांबरी रस्त्यावर एक फोड फुटला. तरी मी चप्पल घातली नाही, कारण नियम मोडला तर दादाचं बिघडलं असतं आणि बोल मला लागला असता.

मोठ्या देवळाच्या ओवरीत बाबा तांब्या-पळी मांडून बसले होते. दादाचा व्हिडिओ कॉल लावून फोन खांबाला टेकवून ठेवलेला. तो पांघरुणातूनच हात जोडत होता. मी समोर बसून उजवा तळहात पुढे केला. बाबांनी दादाचं नाव घेतलं, मग वहिनीचं, त्यांच्या मुलीचं, नव्या घराचं. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा मी हळूच विचारलं, माझं यानंतर करणार ना?

"तुझं काय करायचं?" बाबा म्हणाले. "तू तर घरातच आहेस. नोकरी नाही मिळाली तर काय बिघडतंय? आम्हाला बघायला कुणी हवं की नको?"

पिकतं तिथं विकत नाही, हे मला माहीत होतं. पण मला नोकरी न मिळण्यात त्यांची सोय आहे, हे मला त्या क्षणी कळलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. त्यांनी पळी तिरपी केली आणि मी हात मागे घेतला. पाणी फरशीवर सांडलं.

"आता पहिल्यापासून करावं लागेल," ते म्हणाले. "हट्ट नको करू. हात धर."

"ज्याचा नवस आहे त्याला बोलवा," मी म्हटलं.

फोनमधून दादा विचारत होता, काय झालं, आवाज येत नाही. बाबांनी त्याला सांगितलं, काही नाही, होतंय. मग त्यांनी पळी डाव्या हातात घेतली, स्वतःचाच उजवा तळहात पुढे धरला आणि संकल्प पुन्हा सुरू केला. चालणाऱ्या माणसाचं नाव त्यात घ्यायची पद्धत नाही, हे संस्कृत शिकवणाऱ्या मला सांगायला नको. तरी मी खांबाला धरून, शेवटचा शब्द होईपर्यंत, ऐकत उभी राहिले.