काळ्या पिशवीतली अंडी

"नाल्यात टाकून ये. आत्ताच्या आत्ता."

वहिनी माझ्या डब्याकडे बोट दाखवत होत्या. डब्यात सहा अंडी. माझ्या कोंबड्यांची पहिली. धाकटी बहीण बाळंत झाली होती, काम उरकून तिच्याकडे जायचं होतं. डबा ओट्यावरही नव्हता, मोरीबाहेर माझ्या चपलांशेजारी होता. तरी.

शहरातल्या अकोटा भागातलं शिकलेलं मराठी घर. साहेब कॉलेजात शिकवायचे. नऊ वर्षं मी त्यांची उष्टी भांडी घासत होते.

मी गेले. टाकली. सहाच्या सहा. ते सांगताना आजही माझीच मला चीड येते.

परत आले तर वहिनींनी मोरी तीनदा धुऊन घेतली. मग माझ्या अंगावर गोमूत्र शिंपडलं.

"तुम्हा लोकांना कितीही सुधारा. जातीवर जाणारच."

साहेब पेपर वाचत होते. पान उलटलं. बस्स.

बहिणीकडे रिकाम्या हातांनी गेले. रडले. रडणं थांबलं, राग थांबला नाही.

चार कोंबड्या होत्या. एक खुडूक बसली, तिच्याखाली अंडी ठेवली. चाराच्या अकरा झाल्या. नवऱ्याने भंगारातल्या फळ्यांचं खुराडं ठोकलं, मांजर शिरू नये म्हणून जाळी लावली. खंडेराव मार्केटातून कोबीचा फेकलेला पाला आणायचा, वर मूठभर तांदळाची कणी. देशी कोंबडीचे लाड नसतात. सकाळी सोडली की दिवसभर उकरून खाते, सांजेला आपणहून आत शिरते. वस्तीतल्या गुजराती बायका अंडी विकत घ्यायला दारात यायला लागल्या. "बेन, देशी इंडा छे?"

दिवाळी झाली आणि वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. आवाज एकदम मऊ. सुनेला दिवस गेले होते. अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी अंडी सांगितली होती.

"तुझ्याकडची देशी आणशील ना गं? पण काळ्या पिशवीत हं. मागच्या दाराने ये. शेजारी कळायला नको."

"नाही आणणार."

"अगं, पोटातल्या बाळासाठी मागतेय!"

"माझी बहीणही बाळंतीणच होती, वहिनी. तिची अंडी तुम्ही नाल्यात टाकायला लावलीत."

"कुठली अंडी?"

खरंच आठवत नव्हतं त्यांना. माझ्या अंगावरून त्या गोमूत्राचा वास महिनाभर गेला नव्हता, आणि ह्यांना आठवतही नव्हतं. तिथं माझ्या आतलं उरलंसुरलं भय जळून गेलं.

"हवी असतील तर माझ्या वस्तीत या," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः. दिवसाढवळ्या. चोरून मी कुणाला देत नाही."

"फार माज आलाय तुला."

"हो. आलाय."

हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि निघाले. पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही.

आता कोंबड्या वाढवतेय. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असं टेबल मांडणार आहे. अंडी झाकून विका, असा पालिकेचा हुकूम आहे, तरी आडोसा लावणार नाही. वर कापड टाकणार नाही. पालिकेची माणसं उठवायला येतील, ते ठाऊक आहे. येऊ देत. मी उठणार नाही.